दिदोमि, ददामि आणि कार्ल्याचा खांब

दहावीला संस्कृत मी फक्त मार्कांसाठी घेतलं. 'ददामि, ददासि' घोकलं, पेपरात ओकलं, विसरलो. परवा सबमिशन बुडवून मित्रासोबत मळवलीला उतरलो, कार्ल्याची लेणी चढलो आणि तेच पाठांतर मानगुटीवर बसलं.

एकवीरेच्या देवळाशेजारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. खांबांवर ब्राह्मीत देणगीदारांचे लेख आहेत. त्यांतले कित्येक धेनुकाकटचे 'यवन'. यवन म्हणजे मुळात ग्रीक. इथले यवन नेमके कोण यावर पंडितांचं भांडण आहे, कारण नावं 'सिहधय' अशी देशी आणि भाषा प्राकृत. मजकूर एवढाच: गाव, नाव, 'थंभो दानं'. खांब, दान. क्रियापदच नाही!

आणि ग्रीकमध्ये याच क्रियापदाची काय श्रीमंती! 'मी देतो' म्हणजे 'दिदोमि', आपल्या 'ददामि'चं सख्खं भावंड. दोन्हीकडे सुरुवातीचा 'द' दुपटतो. 'देईन' म्हणजे 'दोसो', संस्कृतात 'दास्यामि'. 'दिलं' म्हणजे 'एदोका'. त्यातला 'ए' म्हणजे 'अददाम्'मधला 'अ'. सगळ्यात भारी पुढेच आहे. 'अपोदिदोमि' म्हणजे परत देतो. तेच आत्मनेपदासारखं चालवून 'अपोदिदोमाइ' केलं, की अर्थ होतो 'विकतो'! आपल्याकडेही 'दा'ला 'आ' लावून आत्मनेपदी 'आदत्ते' केलं, की देण्याचं घेणं होतं. आत्मनेपद म्हणजे काय, हे शाळेत असं एका वाक्यात कोणी सांगितलं असतं तर? आम्हाला नुसते तक्ते मिळाले.

माझं स्पष्ट मत आहे, मावळातल्या शाळांनी धातू शिकवताना मुलांना या खांबापुढे उभं करावं. तक्ता नंतर.

"याने प्लेसमेंट होते का?" मित्राने विचारलंच. म्हटलं, न्यूमेरिकलची पहिली ओळ काय लिहितोस? 'गिव्हन डेटा'. डेटा लॅटिन, अर्थ 'दिलेलं', मूळ धातू हाच. डॉक्टरचा डोससुद्धा ग्रीक 'देणं'च आहे. म्हणजे तू एकच शब्द दोनदा लिहितोस, बाबा.

तो गप्प झाला. परतीच्या लोकलमध्ये मी त्याच्याकडे वडापावचे पैसे मागितले.

"दोसो," तो म्हणाला.