रूप एक, जाति अनेक

घोडा निराळा आणि गाढव निराळें, हें घरांतील लहान मूलही जाणतें. 'कशावरून?' असें विचारल्यास तें कान दाखवील, शेपटी दाखवील. प्राणिशास्त्रज्ञही पुष्कळ काळ याहून फारसें वेगळें कांहीं करीत नसत. स्वीडनच्या लिनिअसनें 1758 सालीं प्राण्यांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, तें मुख्यतः दांत, चोंच, खूर यांच्या ठेवणीवर उभारलेलें होतें. रूप सारखें तर जाति एक. रूप भिन्न तर जाति भिन्न. (येथें 'जाति' हा शब्द आम्ही प्राणिशास्त्राच्या अर्थानें योजीत आहों. घरांतील वडील मंडळींच्या मनांत त्याबरोबर जो अर्थ उभा राहतो, त्याच्याशीं शास्त्राला कर्तव्य नाहीं. शास्त्रदृष्ट्या यच्चयावत् माणसें एकाच जातीचीं आहेत.)

रूपाची ही कसोटी किती फसवी असते, तें युरोपांतील डांसांनीं दाखवून दिलें. रोनाल्ड रॉस यांनीं 1897 मध्यें सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले; पुढच्याच वर्षीं इटलींत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं माणसाचा हिंवताप अनॉफिलीस डांसच पसरवितो असें सिद्ध केलें. प्रश्न सुटला असें वाटलें. परंतु युरोपांत कांहीं प्रांत असे आढळले कीं, तेथें अनॉफिलीस मॅक्युलिपेनिस नांवाचा डांस उदंड, आणि हिंवतापाचें नांवही नाहीं! शेजारच्याच प्रांतांत, डोळ्यांना हुबेहूब तसाच दिसणारा डांस असतां, गांवेंच्या गांवें तापानें फणफणत होतीं. कोणी म्हणाले हवेचा गुण, कोणी म्हणाले लोकांच्या सुधारलेल्या राहणीचा.

उकल झाली ती अंड्यांवरून. इटलीच्या आरोग्यखात्यांतील फालेरोनी या अधिकाऱ्यानें या माद्यांचीं अंडीं बारकाईनें न्याहाळलीं आणि 1926 मध्यें जाहीर केलें कीं, अंड्यांवरील नक्षी सर्वत्र सारखी नसते. पण एका मादीच्या सर्व अंड्यांवर ती एकच असते. कोणाच्या अंड्यांवर काळे आडवे पट्टे, कोणाचीं सर्वांगीं काळीं. एका प्रकारच्या अंड्यांस तर पाण्यावर तरंगण्याकरितां असणाऱ्या हवेच्या पिशव्याच नाहींत. फालेरोनींनीं दोन प्रकारांना आपल्या स्नेह्यांचीं नांवें दिलीं. (डांसाला आपलें नांव मिळाल्याचा आनंद त्या गृहस्थांस कितपत झाला असेल, कोण जाणे!) पुढें हॅकेट, मिसिरोली, मार्टिनी प्रभृतींनीं शोध चालू ठेवला, तेव्हां कळून आलें कीं, आपण एक समजत होतों त्या वस्तुतः अनेक जाति आहेत. त्यांतील कित्येक गोठ्यांत शिरून गुरांचें रक्त पितात, माणसाच्या वाटेस फारशा जात नाहींत. एकदोन मात्र माणसालाच शोधीत येतात. प्रयोगशाळेंत त्यांचा संकर केला असतां कांहीं जोड्यांची संतति निर्बीज निपजली. कोणतें डबकें बुजवावें आणि कोणतें सोडून द्यावें, याचा निर्णय आतां करतां येऊं लागला.

अशा उदाहरणांवरूनच अर्न्स्ट मायर या पंडितानें 1942 मध्यें जातीची जी व्याख्या पुढें मांडली तिचें महत्त्व ध्यानांत येतें. निसर्गांत ज्यांचा आपसांत संकर होतो व इतरांशीं होत नाहीं, असा प्राणिसमूह म्हणजे जाति, हें तिचें सार. रूप ही केवळ खूण. वंश कोणाशीं चालतो ही खरी कसोटी. घोडा व गाढव यांचें खेंचर होतें, पण खेंचराचा वंश पुढें चालत नाहीं, म्हणून तीं दोन. आम्हांस ही व्याख्या पटते. तथापि ती सर्वत्र चालत नाहीं. लांडगा आणि कोल्ह्यासारखा दिसणारा अमेरिकेंतील कायोट यांची संतति सबीज असते, तरी त्यांस कोणी एक मानीत नाहीं. जीवाणूंत नरमादीच नाहीं, आणि दगडांत सांपडलेल्या हाडांचा संकर करून पाहणार कोण? त्यामुळें आज जातीच्या वीसांहून अधिक व्याख्या प्रचारांत आहेत.

हा प्रश्न आपल्याही अंगणांतला आहे. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हिंवताप पसरविणारा मुख्य डांस अनॉफिलीस क्युलिसिफेसीस होय. तोही एक नाहीं, असें 1980 पासून उघडकीस आलें. पेशींतील रंगसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून प्रथम 'ए' व 'बी', मागाहून 'सी' व 'डी' अशा जाति ओळखण्यांत आल्या. 'बी' ही बहुतेक ठिकाणीं गुरांवरच जगणारी, जवळजवळ निरुपद्रवी. पण रामेश्वरम् व श्रीलंका येथें 'बी' म्हणून ओळखली जाणारीच हिंवताप पसरवीत होती! पुन्हां तेंच जुनें कोडें. 1999 मध्यें तेथें 'बी'च्या बुरख्याआड 'ई' ही पांचवी जाति लपलेली सांपडली. नराच्या एका रंगसूत्राची घडण तेवढी निराळी.

रंगसूत्रांची परीक्षा करणें मोठें किचकट. त्यासाठीं अंडीं अर्धवट वाढलेली मादीच हातीं लागावी लागते. आतां आनुवंशिक द्रव्याच्या चांचणीस डांसाचा एक पाय असला तरी पुरतो.