मालकाचा पीएफ कामगाराच्या पगारातून? ही कपात बेकायदेशीर आहे

सफाई, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, रुग्णालयातील वॉर्डबॉय अशा कंत्राटी कामांत आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या पगाराच्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधीच्या नावाने १२ टक्क्यांऐवजी २४-२५ टक्के कपात दिसते. विचारले की ठेकेदार म्हणतो, "१२ तुमचे, १२ कंपनीचे, नियमच आहे." असा नियम नाही.

कायदा काय सांगतो?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ चा परिच्छेद ३१ स्पष्ट आहे: उलट करार झालेला असला तरी मालकाला स्वतःचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही, अन्य मार्गानेही वसूल करता येत नाही. म्हणजे रुजू होताना संमतीपत्रावर सही घेतली असली, तरी त्या सहीच्या आधारे ही कपात कायदेशीर ठरत नाही. १९५२ च्या मूळ कायद्याचे कलम १२ पीएफच्या कारणावरून पगार घटवण्यास मनाई करते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही मनाई कायम आहे. त्यामुळे "नवीन कायदा आला, आता चालते" हे उत्तरही खोटे आहे.

हिशोब असा करा

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर कामगाराचे १,८०० रुपये कापले जातात. मालकाने आपले १,८०० आणि विमा व प्रशासकीय खर्चाचा सुमारे १ टक्का, म्हणजे १५० रुपये, स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. हे १,९५० रुपयेही कामगाराकडून घेतले, तर वर्षाला २३,४०० रुपयांची लूट होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. केवळ पासबुक पाहून ही लूट पकडता येत नाही, कारण पासबुकात दोन्ही हिस्से व्यवस्थित जमा दिसतात. पैसे कोणाच्या खिशातून आले, हे पगाराची स्लिप आणि बँकेत जमा झालेली रक्कम ताडून पाहिल्यावरच कळते.

सीटीसीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नोकरी देतानाच एकूण खर्चात मालकाचा हिस्सा धरून त्याखाली पगार वेगळा ठरवला असेल, तर वाद गुंतागुंतीचा होतो. पण ठरलेल्या पगारातून नंतर तो कापणे किंवा किमान वेतनात तो हिस्सा मोजणे चालत नाही.

ठेकेदाराची दुहेरी वसुली

महापालिका आणि सरकारी कार्यालयांच्या कंत्राटात मालकाच्या पीएफ हिश्शाची रक्कम अनेकदा ठेकेदाराच्या दरातच धरलेली असते. तो बिलातून ती घेतो आणि कामगाराकडूनही कापतो, तेव्हा एकच हिस्सा दोनदा वसूल होतो. योजनेच्या परिच्छेद ३० नुसार कंत्राटी कामगारांचा पीएफ भरला जाण्याची जबाबदारी मुख्य मालकावरही आहे. "ते ठेकेदाराला विचारा" असे म्हणून महापालिकेला हात झटकता येणार नाहीत.

आपण काय करायचे?

स्लिप मागा. मिळत नसेल तर ती मागणी लेखी करा. उमंग ॲपवरून पासबुक काढा. सहा महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडून भविष्य निर्वाह निधीच्या प्रादेशिक कार्यालयात किंवा ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात महापालिकेकडून ठेकेदाराची बिले आणि करारपत्र मागवावे. एकट्याने तक्रार केली की कामावरून काढण्याची भीती असते, म्हणून एका ठेक्यावरील सर्वांनी एकत्र सह्या कराव्यात आणि युनियनला सोबत घ्यावे.

१९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. जयंतीच्या मिरवणुकीत आपण हे अभिमानाने सांगतो. आता प्रत्येक वस्तीतील विहारात महिन्यातून एक रविवार पगाराच्या स्लिपा तपासण्यासाठी ठेवूया. त्यासाठी वकील लागत नाही, बेरीज-वजाबाकी येणारे दोन तरुण पुरेसे आहेत.

जय भीम!