नियम कागदावर, रोगी रांगेत

मधुमेहाला आवर कसा घालावा हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही, अशी तक्रार आता कोणालाही करता येणार नाही. १९२२ साली टोरोंटो येथे इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन रोग्याला दिले गेले, तेव्हा प्रश्न केवळ जीव वाचविण्याचा होता. १९९८ साली ब्रिटनमधील पाच हजारांहून अधिक रोग्यांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे व मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे चतुर्थांशाने घटतात, हे त्यातून सिद्ध झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८ साली उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा उरलेला नाही; तो आचरणाचा आहे.

ही तत्त्वे फार गहन आहेत असेही नाही. मागील तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी वर्षातून किमान दोनदा करावी. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन, रक्तातील चरबी आणि पाय तपासावेत, एवढेच त्यांचे सार. यांपैकी पाय तपासण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. रोग्याने चपला काढाव्यात आणि डॉक्टरांनी खाली वाकून पाहावे, इतकेच लागते. ज्या पायाची संवेदना गेली आहे त्याला खिळा बोचलेला कळत नाही. जखम चिघळते, आणि अखेरीस पाय कापण्याची वेळ येते.

प्रत्यक्षात काय घडते? परिषदेच्याच देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपणांस मधुमेह आहे हे ज्यांना माहीत होते, अशा रोग्यांविषयीचे त्याच पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. साखर समाधानकारक असलेले ३६ टक्के, रक्तदाब आटोक्यात असलेले सुमारे ४९ टक्के, आणि साखर, रक्तदाब, चरबी ही तिन्ही उद्दिष्टे गाठणारे अवघे ७.७ टक्के! शंभरांत आठसुद्धा नव्हेत.

यावर ठरलेले उत्तर असे की, रोगीच पथ्य पाळत नाहीत. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पाय पाहिले न जाणे किंवा डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी न लिहिली जाणे, हा रोग्याचा अपराध कसा? सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणेही तितकेच अन्यायाचे होईल. तज्ज्ञाच्या दाराशी लांबच लांब रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतात ती काही मिनिटे. तेवढ्यात साखरेचा आकडा पाहायचा, गोळी वाढवायची आणि पुढच्याला बोलवायचे. मागील अहवाल रोग्याच्या पिशवीत, डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत आणि तपासण्यांचा खर्च रोग्याच्या खिशातून. अशा व्यवस्थेत अत्यंत निष्णात तज्ज्ञाच्या हातूनही काही ना काही सुटणारच.

म्हणूनच उपाय स्मरणशक्तीवर नव्हे, व्यवस्थेवर सोपविला पाहिजे. डेन्मार्कमधील स्टेनो केंद्राने १६० रोग्यांवर केलेल्या प्रयोगात डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ यांच्या पथकाने अधिक कडक उद्दिष्टे ठेवून साखर, रक्तदाब व चरबी यांवर एकाच वेळी लक्ष दिले. सुमारे आठ वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत निम्म्याने घटले. श्रीमंत देशाचे अनुकरण जसेच्या तसे शक्य नसेल. पण रोगी डॉक्टरांपुढे जाण्यापूर्वी परिचारिकेने वजन व रक्तदाब नोंदवणे, पाय पाहणे आणि कोणती तपासणी राहिली आहे याची खूण कार्डावर करणे, हे जिल्हा रुग्णालयातही अशक्य नाही. वर्षअखेर प्रत्येक विभागाने आपल्या किती रोग्यांचे डोळे व पाय तपासले गेले, याचा हिशेब मांडावा. शाळा निकाल लावते, बँक ताळेबंद मांडते. रुग्णालयानेच का मांडू नये?

दृष्टी गमावलेला शिक्षक किंवा डायलिसिसच्या खाटेला जखडलेला कारकून हा केवळ एका रोगाचा बळी नसतो. त्याच्याबरोबर घराची मिळकत आणि मुलांचे शिक्षणही पणाला लागते. हे टाळण्याचे ज्ञान हाताशी असताना ते कपाटात पडून राहावे, यापरते दुर्दैव नाही.