कृष्णाकाठी जायंट क्लॅम कशाला?

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. अंधाऱ्या खोलीत निळा लाइट, काचेच्या टँकमध्ये प्रवाळ, आणि मधोमध एक शिंपला उघडून बसलेला. त्याच्या कडेला मोरपिसासारखा निळा-हिरवा मखमली पट्टा. खाली कमेंट्समध्ये हमखास एक जण विचारतो, ‘भावा, सांगलीत मिळेल का?’ आणि कुणीतरी लगेच लिहितं, ‘डीएम कर.’

हा लेख त्या ‘डीएम कर’बद्दल आहे.

आधी त्या प्राण्याबद्दल. तो जायंट क्लॅम, शास्त्रीय नाव ट्रिडॅक्ना. कोकणातली मावशी जेवायला वाढते त्या तिसऱ्यांचा हा लांबचा नातेवाईक, पण याचं जगणं अगदी निराळं. तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात. हा पाणी गाळतोच, शिवाय अंगात शेतीही करतो. त्या रंगीत पट्ट्याच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. ज्या रंगावर आपण लाइक ठोकतो तो रंग म्हणजे त्या शैवालापर्यंत योग्य प्रकाश पोचवणाऱ्या पेशी. पट्ट्यावर शेकडो बारीक डोळेही असतात. तुमची सावली पडली तरी तो झटकन मिटतो. ट्रिडॅक्ना मॅक्सिमा जेमतेम फूटभराचा होतो, पण त्याचा थोरला भाऊ गिगास चार फुटांचा आणि दोनशे किलोंच्या पुढे जातो. आयुष्य दशकांत मोजायचं. तुमची डिग्री तीन वर्षांची, फार तर चार. नंतर जॉबला पुण्याला गेलात तर याला कोण बघणार? आई?

बरं, आई तयार आहे असं धरू. समुद्र इथून किती लांब आहे हे आठवा. कराडहून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं, मग कुठे खारा वारा लागतो. म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत समुद्र विकत घ्यावा लागतो, पिशवीतून, मिठाच्या रूपात. लिटरला ३५ ग्रॅम. दोनशे लिटरच्या टँकला सात किलो, आणि दर वेळी पाणी बदलताना पुन्हा. पाणी आरओचं हवं. कवच चुन्याचं असल्यामुळे क्लॅम पाण्यातलं कॅल्शियम सतत ओढून घेतो, ते मोजून मोजून परत घालायचं. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर. तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास हवं, आणि सांगलीचा एप्रिल चाळिशीला टेकतो. पाणी फार तापलं की क्लॅम आतलं शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो. चिलर लावाल. लाइट गेल्यावर? आपल्याकडे वळवाची एक सर आली की तार तुटते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण खर्च आणि कटकट हा माझा मुख्य मुद्दा नाही. पैसे आणि हौस असलेली माणसं या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर आहेत. मुद्दा असा की ट्रिडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रिडॅक्ना स्क्वामोसा हे दोन्ही क्लॅम २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तीच. दगडी प्रवाळही त्याच वेळी तिथे आलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. घरात वाघाचं पिल्लू ठेवलं तर कॉलनी गोळा होईल. वाघाच्याच यादीतला शिंपला ठेवला तर आपण ‘कसला भारी सेटअप’ म्हणतो. त्याला डोळे दिसत नाहीत, तो ओरडत नाही, एवढाच काय तो फरक.

‘पण हा इम्पोर्टेड आहे’, हे उत्तर दुकानदाराच्या तोंडी तयार असतं. त्यात तथ्य असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊसारख्या बेटावर जायंट क्लॅमची खरोखर शेती होते आणि तिथली पिल्लं जगभर जातात. पण हे सगळं कुळ ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमा ओलांडताना प्रत्येक खेपेला परवाना लागतो. २०२४ पासून साइटिसच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, ‘काका, साइटिसचा परवाना दाखवता का?’ कागद न दाखवता तो फक्त हसला, तर तो क्लॅम अंदमान किंवा लक्षद्वीपच्या खडकावरून खरवडून आणलेला असू शकतो. खरवडून हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. लहान क्लॅम चिवट धाग्यांनी खडकाला घट्ट धरून बसतो. ओढून काढताना ते मूळ फाटलं की रंग काही दिवस तसाच राहतो, पण प्राणी आतून संपलेला असतो. रीलपुरता जगतो म्हणा.

आणि प्रवाळ बघायचंच असेल तर ते आपल्या राज्यात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सेमिस्टर संपल्यावर चार मित्रांनी मिळून जाऊन या. टँकमधल्या मिठाच्या पैशांत ट्रिप होते.

आता जरा घराजवळ येऊ. हे वाचून ‘मग नदीतला शिंपला आणून ठेवतो, तो तर फुकट आहे’ असं कुणाच्या तरी मनात आलं असणार. गोड्या पाण्याच्या टँकसाठी ही आयडिया अलीकडे बरीच फिरतेय. शिंपला पाणी गाळतो, म्हणजे टँक आपोआप स्वच्छ! होतं उलटंच. नदीचं पाणी त्याच्यासाठी पातळ पिठल्यासारखं असतं, खायला भरपूर. तुमच्या फिल्टर लावलेल्या चकचकीत टँकमध्ये त्याला काहीच मिळत नाही. तो वाळूत बुडून बसतो, त्यामुळे कधी मेला हेही कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी वास येतो, पाण्यात अमोनिया चढतो आणि त्याच्याबरोबर गप्पी-मॉलीही जातात.

कृष्णेत लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या गटांतले शिंपले आहेत. याच जातींवर भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने गोड्या पाण्यातल्या मोत्यांची शेती बसवली. आपल्याकडेही ‘घरबसल्या मोती’वाले व्हिडिओ बघून शेततळ्यात शिंपले सोडणारे आहेत. (स्वाती नक्षत्राचा थेंब वगैरे विसरा, ऑपरेशन करून आत मणी बसवावा लागतो आणि वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं.) माझा या शेतीला विरोध नाही. पण पोत्याने येणारे ते शिंपले कुठल्या डोहातून काढले, हा प्रश्न त्या व्हिडिओत कुणी विचारत नाही.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते शिंपल्याच्या जन्मात दडलंय. मादीच्या पोटातून सुटलेली सूक्ष्म पिल्लं स्वतः वाढू शकत नाहीत. ती जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, तिथे काही दिवस काढतात आणि मग गळून तळाशी बसतात. म्हणजे मासा हा त्यांचा पाळणा, आणि वडापही. शिंपला स्वतः वरच्या अंगाला चालत जाऊ शकत नाही, मासाच त्याला माहुलीच्या संगमाकडून वर किंवा हरिपूरहून पुढे पोचवतो.

आता २०२३ चा मार्च आठवा. अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. फोटो तुम्ही शेअरही केले असतील. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे वर येऊन तडफडतात, ते दिसतं, त्याची बातमी होते. तळातला शिंपला कवच मिटून घेतो आणि वाट बघतो. काही तास, कधी काही दिवस. पाणी सुधारलं तर वाचतो. पण वाचला तरी त्याची पिल्लं कुणाला चिकटणार? मासे गेले की त्या टापूतल्या शिंपल्यांच्या पुढच्या पिढ्या जन्मायच्या थांबतात. मोठे शिंपले पुढे कित्येक वर्षं तळाशी तसेच असतात, त्यामुळे वरून सगळं ठीक वाटतं. त्यात वाळूउपसा. वाळू गेली म्हणजे त्यांचं घर गेलं. महापूर आला की आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट चढलं हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. उन्हाळ्यात त्याच पुलाखाली काय जिवंत उरलंय, हे आपल्यापैकी कितींना सांगता येईल?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला शिंपल्यांची खरी ओढ आहे त्याने टँकचं बजेट बाजूला ठेवावं आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर नदीवर जावं. वाईच्या घाटावर, माहुलीला, कराडच्या प्रीतिसंगमावर, हरिपूरला, जे जवळ असेल तिथे. काठावर रिकामी कवचं मिळतील. नाण्याशेजारी ठेवून त्यांचे फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा. सगळी कवचं मोठीच आहेत की बोटाच्या पेराएवढी लहानही आहेत, हे बघा. लहान कवचं कुठेच दिसत नसतील तर तिथे नवा जन्म थांबलाय की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. जिवंत शिंपला दिसला तर उपटू नका, जिथे आहे तिथे राहू दे.

आणि ही माहिती फक्त स्टोरीवर टाकून थांबू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा. त्यात झाडं असतील, पक्षी असतील, मासेही असतील कदाचित. शिंपल्यांचं पान कोरं असेल तर तुमचे फोटो आणि तारखा घेऊन ग्रामसेवकांकडे जा. ते पहिल्यांदा विचारतील, ‘शिंपले? कशाला?’ तेव्हा त्यांना अंकलीच्या माशांपासून सांगायला सुरुवात करा.