दिल्ली-ताश्कंद : अंतर तेवढंच, मग इंडिगोची विमानं का थांबली?

दिल्ली ते ताश्कंद हे हवाई अंतर साधारण 1,600 किलोमीटर. विमानाने तीन तासांच्या आसपास. तरीही एप्रिल 2025 मध्ये इंडिगोने या मार्गावरची उड्डाणं थांबवली. असं का?

नकाशा पाहा. सरळ रेषा पाकिस्तानवरून जाते. पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली.

आता पर्याय काय? आधी खाली अरबी समुद्राकडे यायचं आणि मग इराणमार्गे वर जायचं. पण एवढा वळसा इंडिगोच्या विमानांच्या पल्ल्यात बसत नव्हता.

मग उत्तरेकडून? तिथे हिमालय आणि काराकोरम आडवे येतात. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला साधारण 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिथले डोंगर त्याहून उंच आहेत.

बंदी मात्र फक्त भारतीय विमानांना होती. उझबेकिस्तान एअरवेजसाठी सरळ मार्ग खुलाच राहिला. म्हणजे प्रवासी तेच, शहरं तीच, पण धंदा परदेशी कंपनीकडे गेला.

त्यामुळे तिकीट काढताना फक्त किलोमीटर बघू नका. विमान कोणाचं आहे आणि पोचायला किती तास लागतील, हे आधी तपासा.