चाकणला मिळते ते भोसरीला कधी?

देशात 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून तिची जाहिरात जवळजवळ एकाच गोष्टीवर चालली आहे : वेग. सिनेमा किती सेकंदांत डाउनलोड होतो हे ग्राहकाला चटकन कळते, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. उद्योगाची गरज मात्र निराळी असते. महिन्याकाठी सरासरी किती वेग मिळाला याच्याशी कारखान्याला फारसे देणेघेणे नसते. ऐन पाळीत, शेजारच्या रस्त्यावर शेकडो फोन चालू असताना, आपल्या यंत्राचा संदेश ठरल्या वेळेत पोहोचणार की नाही, हा त्याचा प्रश्न असतो. ती हमी देण्याची क्षमता ‘स्टँडअलोन’ 5जीमध्ये आहे. ही हमी फक्त मोठ्या कारखान्यांच्या पदरात पडणार असेल, तर लघुउद्योगांचे एवढे मोठे जाळे असलेल्या महाराष्ट्राने आताच आवाज उठवायला हवा.

टॉवरवर 5जीचा अँटेना चढला म्हणजे सगळे नेटवर्क 5जी झाले असे होत नाही. टॉवरच्या मागे ‘कोअर’ असतो. कोणते उपकरण कुठे जोडायचे, कोणाला किती वाट द्यायची, हे ठरवणारी ती संगणकीय यंत्रणा. सुरुवातीला जगभरातल्या बहुतेक कंपन्यांनी नवे अँटेना जुन्या 4जी कोअरलाच जोडले. खर्च वाचला आणि सेवा लवकर सुरू झाली. आपल्याकडे एअरटेलने सुरुवात अशीच केली, तर जिओने पहिल्यापासून स्वतंत्र 5जी कोअर उभारला; यालाच ‘स्टँडअलोन’ म्हणतात. अमेरिकेत टी-मोबाइलने ऑगस्ट 2020मध्येच देशव्यापी स्टँडअलोन सेवा सुरू केली होती. स्वतंत्र कोअर असला की एकाच नेटवर्कचे वेगवेगळे ‘स्लाइस’ पाडता येतात : तपासणीच्या कॅमेऱ्यांसाठी भरपूर क्षमतेचा, यंत्रांना जाणाऱ्या आज्ञांसाठी कमीत कमी विलंबाचा, हजारो सेन्सरसाठी अगदी किरकोळ डेटाचा. 1 मिलिसेकंद विलंब आणि चौरस किलोमीटरमागे 10 लाख उपकरणे हे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठेवलेली उद्दिष्टे आहेत, ते कारखान्यात जसेच्या तसे मिळत नाहीत. पण तिथे एखाद्या क्षणी मिळणाऱ्या 1 मिलिसेकंदापेक्षा पाळीभर न हलणारे 20 मिलिसेकंद बहुतेक कामांना अधिक उपयोगाचे.

महिंद्रच्या चाकण कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रने 2022 साली खास त्या आवारापुरते 5जी नेटवर्क बसवले. तिथले एक काम जवळून पाहण्यासारखे आहे. आजच्या गाडीत इंजिनपासून ब्रेकपर्यंत अनेक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात आणि गाडी बाहेर पडण्यापूर्वी त्यांत सॉफ्टवेअर भरावे लागते. जोडणीची क्षमता अपुरी असेल तर गाड्या रांगेत थांबतात. 5जीमुळे एकाच वेळी अनेक गाड्यांत सॉफ्टवेअर भरता येऊ लागले आणि प्रत्येक गाडीमागचा वेळ घटला. हे वाय-फायवर होत नाही का, असा आक्षेप हमखास येतो. टेबलावर स्थिर असलेल्या संगणकासाठी वाय-फाय उत्तमच आहे, ते काढून टाका असे कोणी म्हणत नाही. पण माल वाहणारी चालकविरहित गाडी एका वाय-फायच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात जाताना जोडणी क्षणभर तुटली, तर गाडी सुरक्षिततेसाठी जागीच थांबते आणि तिच्यामागची सगळी साखळी अडते. शिवाय वाय-फायच्या लहरी सर्वांना मोकळ्या. शेजारच्या शेडमध्ये कोणी काय लावले यावर आपला ताबा नसतो. मोबाइल नेटवर्कच्या लहरी परवान्याच्या असतात आणि एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जोडणी सोपवणे हे तर त्याचे मूळ कामच.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. भोसरीत चार-पाच सीएनसी मशीन चालवणारा उद्योजक स्वतःचे नेटवर्क उभारू शकत नाही. उपकरणांचा खर्च हळूहळू उतरेल. 2022मध्ये पक्क्या झालेल्या ‘रेडकॅप’ या प्रमाणकामुळे साधी, स्वस्त 5जी उपकरणे शक्य झाली आहेत आणि तीही स्टँडअलोन नेटवर्कवरच चालतात. अडते ते धोरणापाशी. दूरसंचार विभागाने जून 2022मध्ये उद्योगांच्या खासगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या परवान्याच्या लहरींच्या, थेट वाटपासाठी मागणी अजमावताना 100 कोटी रुपयांहून अधिक निव्वळ संपत्तीची अट घातली. म्हणजे लघुउद्योजकाची मागणी मोजलीच गेली नाही. जर्मनीने 2019पासून स्थानिक परवान्यांसाठी वेगळा पट्टाच राखून ठेवला. तिथल्या शुल्काच्या सूत्रानुसार 1 चौरस किलोमीटर वस्तीच्या क्षेत्रात 100 मेगाहर्ट्झ 10 वर्षांसाठी सुमारे 31 हजार युरोंत मिळतात.

यावर आपल्या दूरसंचार कंपन्या म्हणतात की, 2022च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली आम्ही लावल्या, मग तेच स्पेक्ट्रम इतरांना स्वस्तात का? हे गाऱ्हाणे उडवून लावण्यासारखे नाही. म्हणून पहिला हक्क त्यांनाच द्यावा, पण मुदतीसह. औद्योगिक वसाहतीने मागणी नोंदवल्यावर ठरल्या काळात जाहीर दराने स्लाइस दिला नाही, तर त्या वसाहतीपुरता स्थानिक परवाना खुला व्हावा. आणि मागणी नोंदवायची ती एकेकट्या उद्योजकाने का? एमआयडीसी वसाहतीला पाणी आणि रस्ते सामायिक पुरवतेच. तसाच सगळ्या वसाहतीसाठी एक स्लाइस घेऊन एमआयडीसी तो वापरानुसार वाटू शकते.

यंत्रांना राखीव वाट दिली तर सामान्य ग्राहकाच्या फोनचे काय, ही शंका नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवर सर्वांना समान वागणुकीचा, आग्रह धरणारे घेतात आणि ती घ्यायलाच हवी. आपल्या 2018च्या नियमांत विशेष सेवांना सवलत आहे, तिचा गैरफायदा कोणी घेऊ नये. त्यासाठी स्लाइसना दिलेला वाटा कंपन्यांनी टॉवरनिहाय जाहीर करावा आणि सार्वजनिक सेवेची किमान पातळी नियामकाने बांधून द्यावी. वसाहतीच्या करारातही विलंबाची कमाल मर्यादा मिलिसेकंदांत लिहिलेली असावी, आणि ती पाळीत मोडली तर भरपाई किती, हेही त्याच पानावर असावे.