विश्लेषण : जुना संगणक भंगारात काढण्याआधी त्याच्या प्रोसेसरची जात विचारा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून घरात, दुकानात, छोट्या कार्यालयात एकच प्रश्न विचारला जातोय : आता या जुन्या संगणकाचे करायचे काय? काही जण विंडोज ११ चालते का ते बघतात, काही जण उबंटू किंवा लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीकडे वळतात. आणि पहिल्याच पायरीवर गाडी अडते. डाउनलोडच्या पानावर एकाच प्रणालीच्या तीन-चार फाइल्स दिसतात : एक्स८६, एक्स६४, एएमडी६४, एआरएम६४. यातली आपली कोणती?

चुकीची फाइल निवडली, तर चार-पाच जीबी डेटा आणि अख्खी संध्याकाळ वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे ‘हा संगणक आता कामाचा नाही’ असा निष्कर्ष काढून चांगले यंत्र भंगारात जाते. माझे मत स्पष्ट आहे : हा गोंधळ वापरणाऱ्याच्या अज्ञानामुळे होत नाही. तो नावे ठेवणाऱ्यांनी केलेला आहे.

नावांचा घोळ आला कुठून?

इंटेलने १९८५ मध्ये ८०३८६ हा ३२-बिट प्रोसेसर आणला. ‘आय३८६’ हे नाव तिथून आले. त्याच घराण्याला ‘एक्स८६’ म्हणतात. पुढे ६४-बिटची वेळ आली तेव्हा इंटेलने इटॅनियम नावाची पूर्णपणे वेगळी वाट धरली. प्रतिस्पर्धी एएमडीने मात्र जुन्या एक्स८६ रचनेलाच ६४-बिटची जोड दिली आणि २००३ मध्ये तसे प्रोसेसर बाजारात आणले. जुने प्रोग्रामही चालत असल्याने लोकांना तेच सोयीचे वाटले आणि २००४ मध्ये इंटेललाही तीच रचना स्वीकारावी लागली.

म्हणून आज ‘एएमडी६४’ नावाची फाइल इंटेलच्या संगणकातही बिनदिक्कत चालते. ‘माझा तर इंटेल आहे, मग एएमडीची फाइल कशी घेऊ?’ ही शंका रास्त आहे, पण उत्तर ‘हीच घ्या’ असे आहे. मायक्रोसॉफ्ट याच रचनेला ‘एक्स६४’ म्हणते, लिनक्सवाले कधी ‘एक्स८६-६४’ म्हणतात. नावे तीन, वस्तू एक. त्यात भर म्हणजे विंडोजच्या भाषेत नुसते ‘एक्स८६’ म्हणजे ३२-बिट. ८६ हा आकडा ६४ पेक्षा मोठा, म्हणजे फाइल नवी असणार, असे कुणाला वाटले तर त्याला हसण्यात अर्थ नाही.

‘एआरएम६४’ किंवा ‘एआर्च६४’ ही मात्र खरोखर वेगळी जात. आपल्या मोबाइलमधले प्रोसेसर जवळपास सगळे याच घराण्यातले. २०२० पासूनचे एम-मालिकेतले मॅक आणि स्नॅपड्रॅगन एक्सवर चालणारे नवे लॅपटॉपही यातच येतात. एएमडी६४ ची इन्स्टॉल फाइल त्यांच्यावर सुरूच होणार नाही.

३२ आणि ६४ मध्ये फरक काय पडतो?

३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते मांडता येतात. मेमरीच्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो, म्हणून हिशेब ४ जीबीपाशी थांबतो. ३२-बिट विंडोज १० टाकलेल्या संगणकात ८ जीबी रॅम असेल, तर निम्मी रॅम नुसती बसून राहते. विकत घेतलेली वस्तू कपाटात बंद ठेवण्यासारखेच हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ३२-बिटचा रस्ता आता बंद होत चालला आहे. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. गूगलने लिनक्सच्या ३२-बिटसाठी क्रोम देणे २०१६ मध्ये थांबवले. जुन्या यंत्रांचा आधार मानल्या जाणाऱ्या डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले.

आपला संगणक कोणता, हे कसे ओळखाल?

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अबाउट उघडा. तिथे ‘सिस्टम टाइप’ ही ओळ असते. तिचे दोन भाग नीट वाचा. पहिला भाग सध्या टाकलेल्या प्रणालीबद्दल सांगतो, दुसरा प्रोसेसरबद्दल. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असे दिसले, तर समजा की यंत्र ६४-बिटचे आहे, पण त्यात कुणीतरी ३२-बिट विंडोज टाकून ठेवले आहे. निर्णय दुसऱ्या भागावरून घ्यायचा. मॅकमध्ये ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. ‘चिप’पुढे ॲपल एम-मालिकेचे नाव असेल तर एआरएम, ‘प्रोसेसर’पुढे इंटेल असेल तर एक्स६४.

कोअर टू ड्युओपासून पुढचे इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४-बिटचेच आहेत. अपवाद प्रामुख्याने २००८ च्या आसपासच्या छोट्या नेटबुकमधल्या सुरुवातीच्या ॲटमचा.

३२ वरून ६४ वर जाताना

इथे अपग्रेडचे बटण उपयोगाचे नाही. ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर जायचे तर नव्यानेच इन्स्टॉल करावे लागते, त्यात डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून फोटो, हिशेब, कागदपत्रे आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. विंडोज १० चा परवाना दोन्ही आवृत्त्यांना चालतो, त्यामुळे त्याच आवृत्तीची ६४-बिट प्रत टाकताना नव्या परवान्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. प्रिंटर-स्कॅनरचे ६४-बिट ड्रायव्हर मिळतात का, हेही आधी पाहा. ३२-बिटचे ड्रायव्हर तिथे चालत नाहीत.

मग ३२-बिट कधीच ठेवू नये का? ठेवावे, पण कारण असेल तर. डॉसच्या काळातला हिशेबाचा एखादा १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. दुकानाचे सारे खाते त्यावरच असेल, तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडून तसेच चालवणे शहाणपणाचे. बाकी घरगुती वापरासाठी, प्रोसेसर साथ देत असेल तर, रॅम २ जीबी असली तरी ६४-बिटच निवडावे आणि प्रणाली हलकी घ्यावी. अपडेट मिळत राहणे हे थोड्याशा वेगापेक्षा महत्त्वाचे.

जबाबदारी कुणाची?

प्रणाली बनवणाऱ्यांनी डाउनलोडच्या पानावर ‘इंटेल किंवा एएमडीचा ६४-बिट संगणक : ही फाइल’ असे साध्या शब्दांत लिहिले, तर निम्मा घोळ मिटेल. काही जण तसे लिहितातही. दुरुस्ती करणाऱ्यांनीही कोणती आवृत्ती टाकली, हे बिलावर नमूद करावे. गाडीत तेल कोणते भरले हे गॅरेजवाला लिहून देतो, मग इथे अवघड काय?

तोवर ग्राहकाने एक सवय लावून घ्यावी. ‘विंडोज टाकून द्या’ एवढेच सांगून यंत्र सोपवू नका. ‘प्रोसेसर कोणता आहे आणि ६४-बिटच टाकताय ना?’ एवढे विचारा. आणि संगणक परत घेताना ‘सिस्टम टाइप’ची ओळ दुकानातच उघडून बघा.